साध्या एचटीएमएल टेम्प्लेटचं रूप बदलायचंय, सुरुवात कुठून करावी?

अक्षरवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटाची टिपणं एका जागी राहावीत म्हणून छोटंसं संकेतस्थळ करतेय. पानं मोजकीच आहेत, त्यामुळे डेटाबेस, लॉगिन वगैरे भानगड नको होती. एक साधं, फुकट एचटीएमएल टेम्प्लेट उतरवून घेतलं. झिप उघडल्यावर मुख्य पान, आतल्या पानांचे दोन नमुने, सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांचा) फोल्डर, चित्रांचा फोल्डर आणि थोडी जावास्क्रिप्ट निघाली. एचटीएमएल मला वाचता येतं. सीएसएस जुजबी येतं, म्हणजे रंग आणि फाँटापुरतं.

आता घोडं अडलंय ते असं. स्टाइलच्या फाइलीत दुव्यांचा रंग निळ्याचा विटकरी केला. मुख्य पानावर तो बदलला, आतल्या पानांवर मात्र निळा तो निळाच. मराठी मजकूर भरल्यावर तर सगळंच विस्कटलं: शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात, आणि मेन्यूतल्या शब्दांची शिरोरेषा तुटलेली दिसते. शिवाय कितीही रंग बदलले तरी पान बघताक्षणी कळतं की हे कुठूनतरी उचललेलं टेम्प्लेट आहे.

स्टाइलची फाइल हजारेक ओळींची आहे. ती वरून खाली वाचत जावी का? की टेम्प्लेट सोडून द्यावं? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

रिकामटेकडा

सगळी फाइल वाचू नका. कुणीच वाचत नाही. टेम्प्लेट बनवणाऱ्यानेही ती सलग वाचलेली नसते.

आधी रंगाचं पाहू. आतलं पान ब्राउझरमध्ये उघडा, त्या निळ्या दुव्यावर राइट क्लिक करा आणि 'इन्स्पेक्ट' निवडा (एफ-१२ दाबलंत तरी तेच). उजवीकडे त्या दुव्याला लागू होणारे सगळे नियम दिसतील, जिंकलेला वर आणि हरलेले खाली, हरलेल्यांवर काट मारलेली. प्रत्येक नियमाशेजारी तो कुठल्या फाइलीतून, कुठल्या ओळीवरून आला हेही असतं. तुम्ही बदललेला नियम तिथे काट मारलेला दिसला, तर दुसरा कुणीतरी त्याच्यावर भारी पडतोय. तो मुळीच दिसत नसेल, तर तुमची फाइल त्या पानापर्यंत पोचतच नाहीये. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

भारी कोण पडतं याचा हिशोब असा. नुसत्या टॅगवर लिहिलेला नियम सगळ्यांत दुबळा. क्लासवर (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावावर) लिहिलेला त्याहून वरचा. आयडीवर (एकाच घटकाच्या नावावर) लिहिलेला त्याच्याही वर; एका आयडीपुढे कितीही क्लास एकत्र आले तरी हरतात. एचटीएमएलच्या टॅगमध्येच 'स्टाइल' म्हणून लिहिलेलं असेल, तर ते या सगळ्यांना पुरून उरतं. दोघांचं बळ सारखं असेल तर जो नंतर आला तो जिंकतो. नियमाला 'इंपॉर्टंट' जोडून तो बळजबरीने जिंकवायचा हातोडा आहेच, पण तो एकदा काढलात की पुढच्या प्रत्येक बदलाला तोच काढावा लागतो.

आता माझा मुख्य सल्ला: टेम्प्लेटची स्टाइल फाइल जशी आली तशीच ठेवा. शेजारी स्वतःची एक नवी, रिकामी सीएसएस फाइल करा आणि प्रत्येक पानाच्या हेड भागात (सुरुवातीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या) टेम्प्लेटच्या फाइलीच्या नंतर ती जोडा. तुमचे सगळे बदल तिथे. काय काय बदललं ते एका नजरेत दिसतं, काही बिनसलं तर जोडणीची एक ओळ काढून मूळ रूप परत मिळतं, आणि टेम्प्लेटची नवी आवृत्ती आली तर जुनी फाइल काढून नवी ठेवता येते.

(कोड शब्दांत सांगतोय, फाइलीत अर्थातच इंग्रजीत लिहायचा.)

पोपटपंची

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही असंच एक टेम्प्लेट धूळ खात पडलंय.

शून्यलव

रिकामटेकडा यांच्याशी अर्धा सहमत. वेगळी फाइल हे ठीक, पण काही महिन्यांनी त्या फाइलीत काय होतं ते पाहिलंय का कधी? टेम्प्लेट म्हणतं शीर्षक निळं, तुमची फाइल म्हणते विटकरी. टेम्प्लेट म्हणतं समास एवढा, तुमची फाइल म्हणते तेवढा. ब्राउझर दोन्ही वाचतो, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही दोन्ही वाचाव्या लागतात. चार-पाच पानांच्या स्थळाला टेम्प्लेटच्या नव्या आवृत्तीची वाट कोण बघतंय? गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) मूळ टेम्प्लेट पहिली नोंद म्हणून टाका आणि मग बेधडक मूळ फाइलच बदला. काय बदललं ते गिट सांगेल. नको ते नियम काढूनही टाकता येतात. शेवटी हाती जी फाइल राहते ती तुमची असते.

रिकामटेकडा

शून्यलव, ज्याला गिट येतं त्याला हा धागा काढावाच लागत नाही. :)

शून्यलव

तेही खरं. पण गिट शिकायला एक दुपार पुरते, आणि दुसऱ्याच्या सीएसएसवर थर चढवायची सवय जन्मभर जात नाही.

काटकोन

दोघांच्या भांडणात तिसरी वाट सुचवतो: कॅस्केड लेयर, म्हणजे सीएसएसच्या नियमांचे थर. २०२२ च्या सुरुवातीपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतात, तरी टेम्प्लेट बदलणाऱ्यांत फारसं कुणी वापरताना दिसत नाही.

करायचं एवढंच. पानातून टेम्प्लेटच्या फाइलीची जोडणी काढा, फक्त तुमची फाइल ठेवा. तुमच्या फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीवर 'इंपोर्ट' वापरून टेम्प्लेटची फाइल आत घ्या, आणि त्याच ओळीत तिला एका लेयरमध्ये टाका. लेयरचं नाव काहीही चालेल. त्याखाली तुमचे नियम नेहमीसारखे, कुठल्याही लेयरविना. लेयरबाहेरचा नियम लेयरमधल्या नियमाला हरवतो, मग आतला आयडीवर लिहिलेला का असेना. म्हणजे तुमचा नुसत्या टॅगवरचा साधा नियमही टेम्प्लेटच्या भरभक्कम नियमावर मात करतो. कुणाचं बळ किती हा हिशोबच संपला.

दोन खाचखळगे. टेम्प्लेटची जुनी जोडणी पानात राहून गेली, तर तीच फाइल लेयरबाहेरूनही येते आणि काहीच बदलल्यासारखं दिसत नाही. आणि 'इंपॉर्टंट'च्या बाबतीत क्रम उलटा होतो: लेयरमधलं इंपॉर्टंट बाहेरच्या इंपॉर्टंटवर मात करतं. हे विचित्र वाटतं, पण मुद्दाम तसं ठेवलंय. एचटीएमएलच्या टॅगमध्ये लिहिलेली स्टाइल मात्र यानेही हटत नाही. ती हाताने काढावी लागते.

जुनीजाणती

वा, लेयरचं हे माहीत नव्हतं. धन्यवाद काटकोन.

थोडं विषयांतर. एकाच मजकुराला लेखकाची, वाचकाची आणि ब्राउझरची अशी तिघांची स्टाइल लागू व्हावी आणि त्यांच्यात कोण कुणाचं ऐकणार हे ठरलेलं असावं, ही कल्पना सीएसएसच्या जन्मापासूनची आहे. होकोन व्युम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये पहिला प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली पातळी डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. तरी पुढची कित्येक वर्षं आम्ही फाँटचे टॅग आणि कोष्टकांत कोष्टकं घालूनच पानं रचायचो. ज्या टेम्प्लेटमध्ये फाँट आणि सेंटरचे टॅग दिसतील, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते टॅग आता कालबाह्य म्हणून जाहीर झालेत, आणि तिथे रूप मजकुरात इतकं मुरलेलं असतं की सीएसएसने काही करायला जागाच उरत नाही.

रूप किती बदलू शकतं याची ज्यांना शंका असेल त्यांनी सीएसएस झेन गार्डन हे संकेतस्थळ जरूर बघावं. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलं. एचटीएमएल तेच, एक अक्षर बदलायचं नाही. फक्त स्टाइलची फाइल आणि तिची चित्रं बदलायची. लोकांनी त्यातून अशी काही रूपं काढली की दोन पानांखाली एकच मजकूर आहे हे सांगूनही पटत नाही.

तिरकीरेघ

अक्षरवेल्हाळ, तुमच्या मराठीच्या दुखण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक टेम्प्लेटं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात आणि त्यांचे काही 'सुंदर' नियम देवनागरीच्या मुळावर येतात.

शिरोरेषा तुटते ती अक्षरांतलं अंतर वाढवल्यामुळे. मेन्यू आणि बटणांवर रोमन कॅपिटल अक्षरं जरा सुटी-सुटी ठेवायची फॅशन आहे, त्यासाठी 'लेटर-स्पेसिंग' दिलेलं असतं. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शब्दाचे तुकडे पडतात. तुमच्या फाइलीत मेन्यू, बटणं, शीर्षकं यांच्यासाठी ते शून्य करा. सोबत 'टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म'मध्ये सगळं कॅपिटल करायची सूचना असेल. देवनागरीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. मात्र ती मेन्यूला वेगळेपण देण्यासाठी होती, ते गेलं. म्हणून तिथे जाडी किंवा रंग यातून वेगळेपण आणावं लागेल.

ओळी एकमेकींवर चढतात ते 'लाइन-हाइट'मुळे. टेम्प्लेटं शीर्षकांना १ किंवा १.१ देतात. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. एवढ्या जागेत ते मावत नाहीत. शीर्षकांना १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ देऊन बघा. ही संख्या एककाशिवाय लिहा. पिक्सेलमध्ये लिहिली तर अक्षर मोठं झाल्यावर ओळींतलं अंतर सोबत वाढत नाही. वेलांटीचा माथाच कापलेला दिसत असेल, तर त्या चौकटीवर ठरावीक उंची आणि 'ओव्हरफ्लो हिडन' असं जोडपं बसलेलं असणार. ठरावीक उंची काढून टाका.

तिरपी अक्षरं. देवनागरीच्या बहुतेक फाँटांना स्वतंत्र तिरपा वळणाचा संच नसतो, तेव्हा ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरपी करतो आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. पुस्तकाचं नाव किंवा उद्धृत वेगळं दाखवायचं असेल तर तिरपेपणा काढून रंग किंवा थोडी जाडी वापरा. हाच प्रकार जाडीचा. टेम्प्लेट मजकुराला ३०० ची बारीक जाडी मागतं; फाँटात ती असली तरी देवनागरीच्या बारीक रेषा पडद्यावर विरून जातात. मजकूर ४०० वरच ठेवा. आणि ७०० ची जाडी वापरणार असाल तर ती फाइलही खरोखर जोडली आहे ना ते पाहा, नाहीतर ब्राउझर स्वतःच रेषा फुगवतो आणि जोडाक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात.

फाँट कोणता हा आवडीचा प्रश्न. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत. वाचनाच्या टिपणांना मला तिरो शोभेलसा वाटतो. फाँटच्या यादीत टेम्प्लेटचा रोमन फाँट पहिला आणि त्यामागे देवनागरी असं ठेवलंत, तर प्रत्येक लिपीला आपापला फाँट मिळतो, कारण ब्राउझर एकेका अक्षरासाठी यादीत पुढे सरकत जातो. पण यादीत देवनागरीचं नावच नसेल, तर वाचकाच्या यंत्रावर जो असेल तो फाँट लागतो. तुमच्या पडद्यावर छान आणि दुसऱ्याच्या पडद्यावर भलतंच, याचं कारण बहुधा हेच.

आणि सर्वांत सोपी, सर्वांत विसरली जाणारी गोष्ट: पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा इंग्रजी म्हणून लिहिलेली असते. तिथे मराठीचा कोड, म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं, टाका. नोटोसारख्या फाँटांत त्यावरून ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची येतात, नाहीतर हिंदी वळणाची. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कुठला आवाज लावायचा ते तिथूनच कळतं.

खडूफळा

तिरकीरेघ ताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पोपटपंची

+१

ल आणि श चं ते लगेच करून पाहिलं. अक्षरशः दोन अक्षरं बदलली आणि पान आपलं वाटायला लागलं.

काटकोन

आता 'टेम्प्लेटसारखं दिसू नये' याकडे वळू.

लोक पहिल्यांदा रंग बदलतात. पण पान ओळखू येतं ते मापांवरून: मजकुराच्या पट्ट्याची रुंदी, परिच्छेदांमधली मोकळी जागा, शीर्षक आणि मजकूर यांच्या आकारातला फरक, चौकटींचे गोल कोपरे आणि सावल्या. तेच तीन रकाने, त्याच गोल कोपऱ्यांच्या पेट्या, प्रत्येक पेटीत वर एक चिन्ह. याला हिरवा रंग दिला काय आणि जांभळा दिला काय.

तेव्हा आधी काढायला शिका. टिपणांच्या स्थळाला भलंमोठं स्वागतचित्र लागत नाही, ते काढा. सावल्या काढा. गोल कोपरे शून्यावर आणा, निदान दोन दिवस तरी तसे ठेवून बघा. तीन रकान्यांऐवजी एकच पट्टा करा. त्याची कमाल रुंदी ३४ ते ३८ रेम (पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर चालणारं एकक) ठेवा आणि डावी-उजवीकडचे समास 'ऑटो' करा, पट्टा मध्यभागी येईल. ही रुंदी 'सीएच' या एककात सांगायची पद्धत आहे, पण ते एकक शून्य या आकड्याच्या रुंदीवर चालतं. देवनागरीत त्यावरून ओळीत किती अक्षरं बसतील याचा अंदाज नीट येत नाही, म्हणून रेम बरं.

मग मोकळ्या जागेचं एक माप ठरवा, समजा १.५ रेम, आणि सगळीकडे त्याच्या पटीतच अंतरं द्या. शीर्षकाच्या वर जास्त, खाली कमी; कारण शीर्षक खालच्या मजकुराचं असतं, वरच्याचं नाही. बहुतेक टेम्प्लेटं दोन्हीकडे सारखं अंतर ठेवतात आणि शीर्षक अधांतरी लोंबकळतं.

हे सगळं झाल्यावर रंग. एक ठळक रंग, एक मजकुराचा, एक पार्श्वभूमीचा. पुरे.

फिकट करड्या अक्षरांचा मोह मात्र आवरा. डब्ल्यूसीएजी या, पानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या मार्गदर्शिकेनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका उठाव हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा कसाबसा पास होतो आणि एकच पायरी पुढचा #७७७७७७ नापास. टेम्प्लेटांतला लाडका #९९९९९९ तर तीनच्याही खाली जातो. इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हे गुणोत्तर ब्राउझरच सांगतो. आणि रंग नावाने लिहीत असाल तर एक गंमत: सीएसएसमध्ये 'डार्कग्रे' हा 'ग्रे'पेक्षा फिकट आहे. जुन्या दोन याद्या एकत्र करताना झालेला घोळ, आता कुणी दुरुस्त करू शकत नाही.

शून्यलव

काटकोन, रंग तीनच असतील तर ते व्हेरिएबलमध्ये ठेवा हेही सांगून टाका. फाइलीच्या वरच 'रूट'मध्ये प्रत्येक रंगाला नाव द्यायचं, नावाआधी दोन आडव्या रेघा, आणि खाली सगळीकडे ते नाव वापरायचं. २०१७ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतंय. नाव रंगाचं नको, कामाचं द्या. 'विटकरी' असं नाव दिलंत आणि उद्या तो हिरवा केलात, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? 'ठळक', 'मजकूर', 'कागद' अशा अर्थाची नावं द्या.

टेम्प्लेट अलीकडचं असेल तर त्यात आधीच अशी व्हेरिएबलं असतील. मग तुमच्या फाइलीत त्याच नावांना नवी मूल्यं दिली की निम्मं काम झालं. फाइलीचा पहिला पडदाभर भाग तेवढ्यासाठी जरूर वाचा.

खडूफळा

काही किरकोळ, पण न केल्यास डोकं खाणाऱ्या गोष्टी:

हेडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'ची (पडद्याच्या रुंदीनुसार पान आखायला सांगणारी) ओळ आहे का पाहा. नसेल तर मोबाइल पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजून आखतो आणि मग आक्रसून दाखवतो. मुंगीएवढी अक्षरं दिसतात, आणि माणूस फाँटचा आकार वाढवत बसतो.

फाइल यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह करा आणि हेडच्या सुरुवातीला तसं लिहिलेलं असू द्या.

सीएसएसमधून दिलेल्या चित्राचा पत्ता सीएसएसच्या फाइलीपासून मोजतात, पानापासून नाही. शिवाय फाइलींच्या नावात लहान-मोठं अक्षर सांभाळा. विंडोजवर चालणारं नाव लिनक्सच्या सर्व्हरवर 'सापडलं नाही' म्हणतं, कारण तिथे दोन्ही वेगळी नावं ठरतात.

दुव्यावर कीबोर्डने गेल्यावर दिसणारी बाह्यरेषा 'कुरूप' म्हणून बरीच टेम्प्लेटं काढून टाकतात. ती परत आणा. माउस न वापरणाऱ्या माणसाला आपण पानावर कुठे आहोत ते तेवढ्यावरूनच कळतं.

आणि परवाना. फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे. एचटीएमएल-५ अप वरची टेम्प्लेटं, उदाहरणार्थ, क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ३.० परवान्याखाली येतात. रूप ओळखू न येण्याइतकं बदललंत तरी तळाशी श्रेय ठेवावं लागतं. झिपमधली परवान्याची फाइल उघडून बघा.

टेम्प्लेटमधला तो लॅटिन भरताड मजकूर शेवटपर्यंत ठेवून सजावट करू नका. तुमचं सर्वांत लांब शीर्षक, सर्वांत छोटं टिपण आणि सर्वांत वेडावाकडा दुवा आधी भरा. भरताड मजकुरावर प्रत्येक टेम्प्लेट देखणं दिसतं, त्याच्यासाठीच ते मापलेलं असतं.

निवांत

इतकं सगळं करण्यापेक्षा टेम्प्लेटच कशाला हवं? क्लास नसलेल्या स्टाइल फाइली मिळतात: सिंपल.सीएसएस, वॉटर.सीएसएस, पिको वगैरे. तुम्ही साधं, नेटकं एचटीएमएल लिहायचं, क्लास-बिस काही नाही; एक फाइल जोडली की शीर्षकं, यादी, कोष्टक, अवतरण सगळं नीट दिसतं. टिपणांच्या स्थळाला आणखी काय लागतं?

काटकोन

निवांत यांचा मुद्दा रास्त आहे. टेम्प्लेटमधलं अर्ध्याहून जास्त काढायचंच असेल तर तीच वाट सरळ. मी स्वतः आज सुरुवात केली असती तर तसंच केलं असतं.

रिकामटेकडा

माझं मत वेगळं. कोऱ्या पानावर काय हवं ते ठरवायला नजर तयार असावी लागते. टेम्प्लेट समोर असलं की निदान 'हे नको' एवढं तरी सांगता येतं, आणि त्यातूनच नजर तयार होते. अक्षरवेल्हाळ यांना शिरोरेषा तुटलेली दिसली म्हणून लेटर-स्पेसिंग कळलं. क्लासविरहित फाइलीत ते कधी समोरच आलं नसतं.

अक्षरवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

निळ्या रंगाचं कोडं सुटलं. इन्स्पेक्टमध्ये माझा नियम काट मारलेलाही नव्हता, तो तिथे नव्हताच. मुख्य पान साध्या स्टाइल फाइलीला जोडलेलं होतं आणि आतल्या पानांचे नमुने 'मिन' नावाच्या दाबून बसवलेल्या प्रतीला. टेम्प्लेटकर्त्यानेच तसं ठेवलेलं. आता काटकोन यांच्या पद्धतीने सगळ्या पानांना माझी एकच फाइल जोडली आहे आणि टेम्प्लेट लेयरमध्ये आहे. शून्यलव, गिट शिकेन, नक्की.

स्वागतचित्र, सावल्या, तीन रकाने गेले. फाँट तिरो घेतला, मजकुराची ओळ १.७ वर. मेन्यूची शिरोरेषा जुळली. गोल कोपरे मात्र परत आणले, मला ते आवडतात. :)

आता दोन नव्या शंका. गटातले काही जण रात्री वाचतात, त्यांच्यासाठी काळी पार्श्वभूमी करता येईल का? त्यासाठी बटण वगैरे लागतं का? आणि काहींना टिपणं छापून हवी असतात. छापल्यावर मेन्यू आणि तळपट्टीही कागदावर येते.

शून्यलव

बटण लागत नाही. वाचकाच्या यंत्रावर गडद रूप निवडलेलं असेल तर 'प्रेफर्स-कलर-स्कीम' या मीडिया क्वेरीने (ठरावीक स्थितीतच नियम लागू करणाऱ्या सीएसएसच्या अटीने) ते कळतं. तिच्या आत फक्त त्या तीन व्हेरिएबलांना नवी मूल्यं द्या. बाकी नियम जसेच्या तसे. नावं कामाची ठेवा म्हणालो ते यासाठीच: गडद रूपात 'कागद' काळपट होतो, 'मजकूर' फिकट होतो, आणि खालच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही. टेम्प्लेटने कुठे थेट पांढरा किंवा काळा लिहिलेला असेल तर तेवढे तुकडे उघडे पडतील. ते शोधून तिथे व्हेरिएबल घाला.

रूटमध्ये 'कलर-स्कीम'ला 'लाइट डार्क' अशी दोन्ही नावं द्या. मग स्क्रोलबार आणि शोधपेटीही ब्राउझर गडद करतो, नाहीतर काळ्या पानावर पांढरी पेटी चमकत राहते.

काटकोन

एक पुस्ती. निखळ काळ्यावर निखळ पांढरी अक्षरं घेऊ नका, बऱ्याच जणांना त्यांच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात. गडद करडा आणि किंचित मळका पांढरा घ्या. तुमचा विटकरी रंग पांढऱ्यावर पास असेल, गडदवर बहुधा नापास होईल. तिथे त्याचीच उजळ छटा लागेल. गुणोत्तर दोन्ही रूपांत वेगवेगळं तपासा.

जुनीजाणती

छपाईचं मी सांगते, हे माझ्या काळातलं. 'मीडिया प्रिंट' असा भाग तुमच्या फाइलीच्या शेवटी करा. त्यात मेन्यू, तळपट्टी, शोधपेटी यांना 'डिस्प्ले नन'. पट्ट्याची कमाल रुंदी काढून टाका, कागदाचा समास पुरेसा असतो. पार्श्वभूमी पांढरी, मजकूर काळा. नाहीतर गडद रूपात वाचणाऱ्याने छापायला घेतलं तर फिकट अक्षरं पांढऱ्या कागदावर पुसट उमटायची. मापं पॉइंटमध्ये द्या, देवनागरीला १२ पॉइंट बरे पडतात.

शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहून मजकूर पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून शीर्षकांना 'ब्रेक-आफ्टर अव्हॉइड' द्या. कागदावर दुव्याचा पत्ता दिसत नाही, तो दुव्यानंतर कंसात छापून येईल अशीही सोय आहे: 'आफ्टर' या आभासी घटकात 'अ‍ॅट्रिब्यूट' वापरून दुव्याचा एचरेफ (टॅगमध्ये लिहिलेला पत्ता) दाखवायचा. फक्त ती मजकुरातल्या दुव्यांपुरती ठेवा.

तपासायला कागद वाया घालवू नका. क्रोममध्ये इन्स्पेक्टच्या 'रेंडरिंग' भागात छपाईचं रूप पडद्यावरच दाखवायची सोय आहे, आणि गडद रूपाचीही तिथेच.

अक्षरवेल्हाळ

गडद रूप झालं! शोधपेटी खरंच पांढरी चमकत होती, एका ओळीत गेली. विटकरीची उजळ छटा शोधतेय, आत्ताची ४.२ वर अडकलीये.

जुनीजाणती ताई, छपाईत दुव्यांचे पत्ते येतायत, पण एका टिपणात इतके दुवे आहेत की परिच्छेद वाचवत नाही. तेवढ्या एका पानावर ते बंद करता येतील का?

जुनीजाणती

येतील. त्या पानाच्या बॉडी टॅगला एक क्लास द्या आणि छपाईच्या भागात त्या क्लासच्या आतल्या दुव्यांसाठी 'आफ्टर'चा मजकूर 'नन' करा. क्लास जोडल्यामुळे हा नियम आधीच्या नियमापेक्षा भारी ठरतो, इंपॉर्टंटची गरज नाही.